शेवटच्या अक्षरावरून

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी गार वारा. गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. भाची दुपारी येऊन ब्लॉग काढून देऊन गेली. वन्संचा फोन ११.२०. पहिला शब्द त्यांचा: चावी.

टेलिफोनबाईंची डायरी ही अशी. एकतीस वर्षं त्या एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना टेलिफोनबाई म्हणायची. पण डायरीची सवय नोकरीच्या कितीतरी आधीची. कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरनी अकराव्या वर्षी वही हातात देऊन बजावलं होतं की, काय वाटलं ते लिहू नकोस, काय झालं ते लिही. बाईंनी ते अक्षरशः पाळलं. आता शहात्तराव्या वर्षी कपाटात पासष्ट डायऱ्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेवटच्या पानांवर त्या वर्षी आलेल्या वस्तूंची यादी, पान क्रमांकासकट.

वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद. वय एक्याऐंशी, जन्मभर शिवणाचे वर्ग घेतलेली बाई. चार बसस्टॉप पलीकडे लेकीकडे, म्हणजे बाईंच्या त्या भाचीकडे, राहायच्या. दोघींचे नवरे गेलेले. बाईंना ‘वहिनी’ म्हणणारं माणूस जगात आता तेवढंच उरलं होतं. दोघी रोज सकाळी फोनवर शब्दांच्या भेंड्या खेळत. फोन तासभर अडकून राहतो म्हणून वैतागलेल्या भाचीनेच ही युक्ती काढली. रोज एकच शब्द, कालच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून, एक दिवस आईचा आणि एक दिवस मामीचा. मग मामीने त्या वस्तूची नोंद जुन्या डायरीतून शोधायची आणि ब्लॉगवर टाकायची.

वन्संना नीट दिसत नसे, त्यामुळे जेवणं झाली की भाची ब्लॉग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. चावी, विजेरी, रुमाल, लिफाफा, फाटक. हरवलेली चावी पिठाच्या डब्यात सापडल्याची नोंद वाचून वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पंधरा दिवसांत ओळखीपाळखीचे चाळीसेक जण वाचायला लागले. बाई वर वर म्हणायच्या की हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, पण संध्याकाळी चारलाच चष्मा पुसून बसायच्या.

अठराव्या दिवशी बाईंनी मुद्दाम ‘खाऊ’ दिला. ऊवरून काय सुचणार? दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संचा फोन नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आला.

“उशी,” वन्सं म्हणाल्या. “ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस. बस शोधत.”

बाईंनी शोधलं. अडतीस वर्षांपूर्वीच्या डायरीच्या यादीत ‘उशी’ होती. त्यांनी ते पान उघडलं आणि जसंच्या तसं उतरवलं: सासूबाईंची उशी दोनदा सारखी केली. दुपारी २.१० ला गेल्या. जवळ मी आणि हे. वन्संना फोन २.२५. संध्याकाळी ६.३० ला पोचल्या.

ऑपरेटर फोन जोडून देतो, बोलणं ऐकत नाही. बाईंनीही त्या दिवशी नोंद नुसती उतरवली, ती काय सांगतेय ते ऐकलं नाही.

आई माझ्या हातांवर गेली, शेवटची उशी मीच सारखी केली, असं वन्सं अडतीस वर्षं सांगत आल्या होत्या. लेकीला सांगितलं होतं, शिवणाच्या वर्गातल्या मुलींना सांगितलं होतं. बाईंच्या देखतही कितीदा तरी सांगितलं होतं आणि बाईंनी दर वेळी मान हलवली होती. आता लेकीने जेवणाच्या टेबलावर, जावई आणि नातवंडांसमोर, ती वेळ मोठ्याने वाचली.

सोमवारी शब्द द्यायची पाळी बाईंची होती. त्यांनी फोन लावला तर भाचीने उचलला. आई बोलायला येत नाही, म्हणाली. मग तिने विचारलं, “मामी, खरं होतं ते?”

“डायरीत आहे,” बाई म्हणाल्या.

मंगळवारी फोन वाजला नाही. बाईंनी ते पान तीनदा काढून पाहिलं. वेळा बरोबर होत्या. ब्लॉगवरून नोंद काढून टाकावी असं एकदा मनात आलं, पण लिहिलेलं खोडायचं नाही हेही लहानपणीच अंगात मुरलेलं. बुधवारी त्यांनी डायरी पिशवीत घातली आणि बस पकडली.

वन्सं खिडकीशी मशीनवर बसून हाताच्या अंदाजाने पडद्याला दुमड घालत होत्या. पाय थांबले नाहीत.

“पुरावा आणलास?”

बाईंनी पिशवी खुर्चीमागे सरकवली.

“मला वेळ पाठ आहे, वहिनी. साडेसहा. गाडी वाटेत बिघडली होती.” मशीन थांबलं. “मी आत आले तेव्हा आईचे केस विंचरलेले होते. औषधाच्या बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या. उशीचा अभ्रासुद्धा दोरीवर वाळत होता. माझ्यासाठी तू काही ठेवलंच नव्हतंस करायला. मग सांगताना मी आपली तेवढी उशी माझी करून घेतली.”

बाईंनी डायरी काढली. त्या पानावर बाटल्या नव्हत्या, अभ्रा नव्हता. तो धुतल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. हात रिकामा राहिला की त्या काहीतरी धुवायच्या, इतकंच त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं.

“मी ते काढून टाकते ब्लॉगवरून,” त्या म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा असं काही बोलल्या असतील.

“आता काढून काय उपयोग? पोरीने ऐकलंय. अर्धंच ऐकलंय, हाच तर घोळ आहे.”

मग बाईंनी टेबलावरचं पेन घेतलं आणि वन्संच्या समोरच, अडतीस वर्षांपूर्वीच्या पानाच्या समासात, लिहिलं: वन्सं पोचण्याआधी मी सगळं आवरून टाकलं होतं. अभ्रासुद्धा. थांबायला हवं होतं. खाली आजची तारीख घातली. वाचून दाखवलं. वन्संनी वही हातात घेतली, डोळ्यांशी नेली, दिसलं काहीच नसावं, तरी बराच वेळ धरून बसल्या.

“हेही टाक त्याच्यावर,” शेवटी त्या म्हणाल्या. “रात्री वाचू दे तिला.” वही परत देताना त्यांनी पडदा पुन्हा सुईखाली सरकवला. “आणि तुझा शब्द राहिलाय सोमवारपासून. श.”

“शिवण.”

“लबाड आहेस. ‘ण’वरून काय देऊ, माझं कपाळ? ‘न’ घेईन मी, सांगून ठेवते.”

घरी येऊन बाईंनी समासातला मजकूर आधीच्या नोंदीखाली जोडला, शिवणाची नोंद शोधून तीही टाकली आणि मग आजची डायरी उघडली.

५ मार्च, बुधवार. ऊन. वन्संकडे जाऊन आले, १०.४० ते १.१५. स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता, नवा लावला. स्टुलाचा एक पाय डगमगतो.