एक आपला, एक वरच्याचा

भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, माझी बोटं गार पडली, ती एका वाया गेलेल्या प्रिंटमुळं. वाया गेली असं मी म्हणत होतो. त्या धक्क्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. गल्लोगल्ली पाट्या आणि पाट्यांवर गुणवंतांचे चेहरे. माझ्या फोटोच्या दुकानात साध्या फोटोला कुणी विचारेना, म्हणून मी थ्रीडी प्रिंट काढायला शिकलो. काम महाकिचकट. एकाच माणसाचे दोन फोटो घ्यायचे, दोन डोळ्यांत असतं साधारण तेवढंच अंतर कॅमेरा बाजूला सरकवून. मग कॉम्प्युटरवर दोन्हींच्या केसाएवढ्या पट्ट्या करून एकाआड एक बसवायच्या, आणि वर बारीक उभ्या धारांचं प्लास्टिक चिकटवायचं. धारेखाली पट्टी नीट बसली की डाव्या डोळ्याला एक फोटो दिसतो, उजव्याला दुसरा, आणि चेहरा कागदातून बाहेर येतो. एकदा मी डावं-उजवं उलटं लावलं, तर एका क्लासच्या सरांचं नाक आत गेलं आणि कान पुढं आले. सर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी फार कडक झालो. दोन फोटोंच्या मधे माणूस हलला की जोडी बाद, मग तो कितीही मोठा गुणवंत असो.

एके दिवशी हदगावची एक बाई आणि क्लासला आलेली तिची भाची दुकानात आल्या. भाची भूकंपात वाचलेली, तेव्हा पाळण्यात होती. घर बसलं, आईवडील दोघं गेले, मावशीनं उचलून हदगावला नेलं. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर लातूरजवळच्या आमच्या मुरुडलाही लोक कितीतरी दिवस अंगणात झोपत होते. अशी गोष्ट ऐकली की मी आजही नकळत छताकडं बघतो.

मुलीनं आईचा चेहराच पाहिला नव्हता. मावशीकडं लग्नातला एक फोटो होता, पण त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. बाकीचे सगळे ढिगाऱ्यात गेले. मावशीला एवढंच आठवत होतं, की बारशाला मुरुडहून एक लंगडणारे फोटोवाले आले होते.

"ते कोण व्हते, काही ठावं हाय का भाऊ?" तिनं विचारलं.

ते माझे अब्बा होते.

अब्बा कुठलाही फोटो दोनदा काढायचे. "एक आपला, एक वरच्याचा," असं गिऱ्हाइकाला सांगायचे. रोल वाया जातो म्हणून अम्मी कटकट करायची, पण त्यांनी रीत सोडली नाही. पहिला काढला की गुडघा ठणकायला लागायचा, मग ते भार दुसऱ्या पायावर घेऊन दुसरा काढायचे. अब्बा गेले, तरी त्यांच्या निगेटिव्हचे पत्र्याचे डबे मी जपून ठेवले होते. मुलीच्या आईवडिलांच्या गावाचा डबा सापडला, बारशाची पट्टी निघाली. उजेडाला धरली आणि मी चाटच पडलो. पाय बदलताना कॅमेरा अगदी हवा तेवढाच सरकला होता. मी मरमर करून जे शिकलो, ते अब्बांचा गुडघा जन्मभर करत आला होता.

फक्त एक घोटाळा होता. पहिल्या फोटोत आई मांडीवरच्या बाळाकडं बघत होती. दुसऱ्यात तिनं मान वर करून थेट कॅमेऱ्याकडं पाहिलं होतं. माझ्या नियमानं जोडी बाद.

मावशी म्हणाली, साधा फोटो दिला तरी पुरे. पण माझी हौस दांडगी. दोन्ही फोटो होते तसेच लावून मी आधी जुळणी बघायला एक कच्ची प्रिंट काढली आणि कात्रणांत टाकून दिली. मग दुसऱ्या फोटोतला चेहरा दोन्हीकडं बसवला आणि त्याला कॉम्प्युटरवर नाक-गाल उठवले. प्रिंट झकास उतरली. एवढी स्वच्छ प्रिंट मी कुठल्या गुणवंताचीही काढली नव्हती.

दोघी आल्या. मुलीनं प्रिंट बराच वेळ पाहिली. "चांगली हाय," म्हणाली आणि मावशीच्या हातात दिली. शेजारणीचं लुगडं बघून म्हणावं तसं. मला रागच आला. मी पाठ फिरवून पसारा आवरायला लागलो, तेवढ्यात तिनं कात्रणांतून ती कच्ची प्रिंट उचलली. मी म्हटलं, ठेव ती, खराब आहे, चेहरा दुहेरी दिसतो. तिनं ऐकलं नाही. सुईत दोरा ओवताना मिटतात तसा एक डोळा मिटून तिनं प्रिंट इकडं कलती केली, तिकडं कलती केली, आणि मटकन फरशीवर बसली.

मी घाबरून पुढं झालो. तिनं प्रिंट माझ्यापुढं धरली. मीही एक डोळा मिटला. बाई बाळाकडं बघत होती. मुलीचा हात जरासा हलला, आणि बाईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कुठली पट्टी कुठं आहे हे मला पाठ होतं, मीच तर जोडल्या होत्या. तरी मी एक पाऊल मागं सरलो. मागून वाकून बघणाऱ्या मावशीनं तोंडाला पदर लावला.

मी कसंबसं सांगितलं, की ही चूक आहे, दोन फोटोंच्या मधे ती हलली.

"चूक कशी, काका?" प्रिंटवरची नजर न काढता मुलगी म्हणाली. "आधी मांडीवरच्या मला बघून राहिली, मग ह्या मला. दोन्हीकडं मीच हाय."

माझी चांगली प्रिंट काउंटरवर पडून राहिली, ती कुणाला आठवलीसुद्धा नाही. कच्ची प्रिंट पिशवीत ठेवताना मुलगी थांबली. पुन्हा एक डोळा मिटून तिनं ती हळूच कलती केली. आईची नजर खाली बाळावर आली, तेव्हा प्रिंट आत सरकवून मुलीनं पिशवीची चेन ओढली.