बुटकी गाडी

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडली नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही — देवाजवळ तं मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत बसते. तुम्हाले काऊन सांगून राहिली? माहीत नाही. पोटात ठेवून ठेवून आता पोट दुखते, एवढंच.

मी उंच आहे. आमच्या सौंसरच्या माहेरात साऱ्याच बाया उंच. अन् हे, माझा नवरा, बुटके. माझ्या कानापर्यंत येतात. ठेंगणे म्हटलं असतं, पण आता गोड शब्द वापरून काय करू? माणूस सोन्यासारखा. पांढुर्ण्यात मास्तर, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मले ते दिसत नव्हतं काय? दिसत होतं. पण लोकही दिसत होते न बाप्पा!

लग्नात हार घालायच्या वेळी यायच्या — माझ्या नवऱ्याच्या — मित्रांनी यायले खांद्यावर उचललं. नवरदेवाले उचलतातच, गंमत असते. पण मांडवातून कोणीतरी ओरडलं, "आता खाली उतरवू नका रे, तसेच राहू द्या!" सारा मांडव हसला. हेही हसले. मी नाही हसली. तेव्हापासून मी रस्त्यानं यायच्या दोन पावलं मागं चालते. लोक म्हणतात, काय संस्कारी सून आहे! डोंबलाचे संस्कार.

तर — गाडी. मुद्द्यावर येते, पळून नाही राहिली.

यायले एकच शौक होता. क्रूझर पाहिजे. ती लांब हँडलवाली, ऐसपैस बसून चालवायची मोटरसायकल. वर्षभर त्याचंच वेड. अन् मास्तर माणूस, अभ्यास करूनच घेणार. म्हणत, "बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीले टेकल्या पाहिजे. नुसते पंजे नाही. अन् तू मागं बसलेली असतानाही टेकल्या पाहिजे." वजन किती, ते चढावावर पेलते काय, हँडलपर्यंत हात आरामात जाते काय, सारं पाहून यायनं एक गाडी काढली होती. सीट खाली, वजन कमी. दसऱ्याले घ्यायचं ठरलं, अन् आदल्या आठवड्यात आम्ही दोघं दुकानात गेलो.

हे बसले. टाचा टेकल्या. अहो, काय चेहरा झाला होता यायचा! पोरानं पहिल्यांदा सायकल हाकलली की होते तसा. मग म्हणाले, "ये, तू बस." मी बसली. पुढची सीट खोल, मागची वर. समोर दुकानाची मोठी काच. त्या काचेत मी दिसली, अन् माझ्या छातीशी यायचं डोकं.

मागं कोणीतरी हसलं.

आमच्यावरच हसलं काय? देवाशपथ, आजही सांगता येत नाही. दोन बाया आपसात बोलत होत्या. त्यांच्या घरचंच काही असेल. पण माझ्या कानशिलातून जाळ निघाला. मी उतरली अन् म्हटलं, विलासले विचारून घेते.

विलास माझा लहान भाऊ. सौंसरले त्याचं मोटरसायकलचं गॅरेज. हे त्याले फार मानत, गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा. मी बाहेर जाऊन फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बुटकीच घे. भाऊजींचे पाय पुरे टेकले पाहिजे. उंच गाडी जड असते, उतारावर तोल गेला तं सावरणार नाही." स्पष्ट म्हणाला. लाइनही साफ होती.

मी आत आली अन् म्हटलं, "विलास म्हणते, बुटक्या गाडीचं पोट दगडाले घासते. संत्र्याच्या बगिच्याच्या रस्त्यात कामाची नाही. उंच घ्या म्हणते."

किती सहज बोलली मी! जीभ अडखळलीही नाही. हे थोडा वेळ त्या बुटक्या गाडीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "विलास म्हणते तं मग झालं."

उंच गाडी आली. दसऱ्याले हार घातला, चाकाखाली निंबू ठेवलं. हे जाड तळव्याचे बूट घालत, अन् तरी पंजेच टेकत. मी मागं बसून पाहो, अन् गप राहो. या गाडीची पुढची सीटही मागच्याएवढीच वर, आता दुकानांच्या काचेत आम्ही दोघं बरोबरीचे दिसत होतो न!

संत्र्याच्या हंगामात माहेरून परत येत होतो. पांढुर्ण्याच्या अलीकडे संत्र्याचा ट्रॅक्टर आडवा आला. यायनं ब्रेक मारला. गाडी थांबली ती रस्त्याच्या कडेले, उतारावर. यायनं डावा पाय टाकला — अन् खाली जमीनच लागली नाही. मी कशीबशी उडी मारली. गाडी यायच्या पायावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पायात सळई टाकली, तरी हे आता लंगडतात. दवाखान्यात एकदाच म्हणाले, "विलासचं ऐकलं, तिथंच चुकलं."

मी तेव्हाही बोलली नाही.

विलास भेटाले आला तं यायनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानं मले बाहेर नेऊन विचारलं, "ताई, म्या तं बुटकी सांगतली होती न वं?" अन् मी काय म्हटलं असन? म्हटलं, "सांगतलं मी. त्यायले उंचच आवडली. आता लाज वाटून राहिली त्यायले, तू काही बोलू नको." पाहा, इकडं एक खोटं, तिकडं दुसरं, अन् मधात मी चांगली! माझ्या भल्या भावानं ते मानलं. तेव्हापासून भाऊबीजेले येते, समोरच्या खोलीत बसते, मी ओवाळते. हे मागच्या दारानं निघून जातात.

यंदाच्या भाऊबीजेले तो गाडी घेऊन आला. जुनी बुटकी क्रूझर विकत घेऊन त्यानं स्वतःच्या हातानं दुरुस्त केली होती. यायच्या डाव्या पायाचा त्रास वाचावा म्हणून गिअरचा दांडा बदलला होता, सीट आणखी खाली केली होती. अंगणात उभी करून म्हणाला, "भाऊजी, एकदा बसून तं पाहा. टाचा टेकतील."

हे दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. "तुझ्या सल्ल्यानं एक पाय गेला. तूच सांगतली न उंच गाडी? आता दुसरा राहू दे."

विलासनं यायच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. हातात ओवाळणीचं ताट होतं माझ्या. त्याले सारं समजलं. माझ्या डोळ्यांदेखत समजलं. अन् त्यानं वाट पाहिली — मी बोलावं म्हणून. तोंड उघडलं असतं तं दोन शब्दांत झालं असतं. हे समोर, तो समोर, दोघंही माझेच.

मी खाली पाहिलं.

तो हळूच म्हणाला, "हाव भाऊजी, चुकलंच माझं." अन् गाडी वळवून निघून गेला.

माझ्या पाठच्या भावानं माझं पाप स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, अन् मी ते करू दिलं. हे आत येऊन म्हणाले, "पाहिलं? शेवटी मानलं त्यानं." मी म्हटलं, "हाव."