न्हाणीतली कोळंबी

मुलांनो, परवा फोनवर तुम्हांला न्हाणीघरातला तुमचा जुना निळा टब दिसला, आणि धाकटीनं विचारलं, "आजी, तू प्रॉन्स पाळतेस का?" मी तेव्हा गडबडीत होते, हो म्हणून टाकलं. पण पाळण्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. तुम्ही लहान असताना ज्या टबात अंघोळीला बसत होता, त्यात मी तुमच्या आजोबांच्या गरीला लावायचं आमिष जिवंत ठेवत होते. ते मेलं असतं तर काय झालं असतं याची मला भीती वाटत होती. ती भीती फोनवर सांगण्यासारखी नव्हती, म्हणून लिहिते आहे.

आजोबांना दिवाळीनंतर झटका आला हे तुम्हांला माहीत आहे. पाय सुधारला, बोलणंही सुधारलं. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. व्यायामाला दिलेला पिवळा रबरी चेंडू त्यांनी खिडकीत ठेवला, तो तिथेच राहिला. जेवताना चमचा पडला की ते उठून जात. पुढेपुढे पडवीतल्या खुर्चीतून हलेनासे झाले. कोणी भेटायला आलं तर डोळे मिटून घेत. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना बाहेर काढा, आवडीचं काहीतरी करू द्या. आवडीचं एकच होतं, खाडीवर जाऊन गरवणं, म्हणजे गरी टाकून मासे धरणं. कचेरीतली सगळी वर्षं त्यांनी रविवारच्या गरवण्यावर काढली. पण विषय काढला की म्हणत, "नंतर बघू." त्या नंतरला काही अंत दिसत नव्हता.

त्यांचे मित्र, निवृत्त एस.टी. ड्रायव्हर, ज्यांना तुम्ही ड्रायव्हरकाका म्हणता, ते एका संध्याकाळी येऊन बसले. थोडा वेळ आंब्यांविषयी बोलले आणि मग आजोबांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "वहिनी, ह्यांना नसंल जमत तर तुमी चला. दोरी धराया माणूस लागतो मला."

"ती काय धरणार?" आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "तिला ओल्या फडक्याचाही वास सहन होत नाही."

"मग कोण येणार?"

"येईन मी. पण भांगेला. आणि कोळंबी जिवंत पाहिजे. मेलेलीला शेंगटी लागते, तांबोशी नाही लागत. मेलेली असेल तर मला उठवूच नका."

तांबोशी हा खाडीतला मानाचा मासा, शेंगटी कुणालाही लागते. आता तुम्हांला भांग सांगायला हवी. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण असतं. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की चिखलातल्या डबक्यांत कोळंबी अडकते, आणि ती जिवंत धरता येते. पण त्या दिवसांत पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास मात्र पाणी आळसावतं, दोरी हाताला हलकी लागते. ती भांग. बऱ्या हाताचा माणूस उधाणातही गरवतो, आजोबांना ते झेपणार नव्हतं. म्हणजे कोळंबी मिळणार उधाणात आणि लागणार भांगेत. मधले दिवस ती घरी जगवायची. आणि मे संपत आला होता. ही भांग हुकली की खाडी गढूळ होणार आणि गरवणं थेट नारळीपौर्णिमेनंतर. तोवर आजोबा त्या खुर्चीतून उठतील असं मला वाटत नव्हतं. त्यांनी अट मुद्दाम अशी घातली होती की ती मोडावी, असाही मला संशय होता.

पौर्णिमेच्या ओहोटीला ड्रायव्हरकाकांनी राजिवड्याच्या एका बाईंकडून जिवंत कोळंबी आणली, आणि सोबत खाडीच्या पाण्याचे दोन कॅन. घरातली सर्वांत गार जागा न्हाणी, म्हणून टब तिथे ठेवला. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते चालत नाही. साबणाचा थेंबही चालत नाही, म्हणून न्हाणीतून साबण हद्दपार केला आणि आजोबा, आत्याआजी आणि मी, तिघंही मागल्या दारी चिऱ्यावर अंघोळी करू लागलो. माशांच्या पेटीला लावतात तसला हवेचा पंप बाजारातून आणला. वर ओलं गोणपाट टाकलं, कारण कोळंबी उडी मारते. खायला द्यायचं नाही, पाणी घाण होतं. दिवसातून एकदा थोडं पाणी काढायचं आणि कॅनमधलं तेवढंच घालायचं.

एका सकाळी टबात एक आरपार दिसणारी, पोकळ कोळंबी तरंगताना दिसली. मेली म्हणून मी ती उचलली. मग कळलं की ती कात होती. कात टाकलेली कोळंबी मऊ असते आणि बाकीच्या तिला खातात, म्हणून फुटक्या कौलांचे तुकडे टबात ठेवले, तिला लपायला. दुपारी लाईट गेली की पंप बंद, मग मी स्टुलावर बसून प्लॅस्टिकच्या मगानं पाणी उंचावरून ओतत राही, त्यात हवा मिसळावी म्हणून. खांदा भरून येई. आजोबा पडवीतून ओतण्याचा आवाज ऐकत, पण बघायला येत नसत.

आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी, आमच्याकडेच असते. तिला हे सगळं मान्य नव्हतं असं नाही, पण बोलल्याशिवाय तिला राहवत नाही.

"तीन माणसं उघड्यावर अंघोळ करतायत आणि कोळंबी न्हाणीत नांदतेय," ती म्हणाली. "माहेरपणाला आलेल्या लेकीचेही एवढे लाड होत नाहीत."

"वन्सं, थोडेच दिवस."

"आणि सोमवार आहे आज. घरात मासळी."

"शिजवली कुठे आहे?"

तिनं जरा विचार केला. "जिवंत आहे तोवर मासळी नाही म्हणा," असा निकाल तिनंच दिला आणि गोणपाटावर पाणी शिंपडून गेली.

भांग लागायला एकच दिवस राहिला. ड्रायव्हरकाका राजापूरला लग्नाला गेले होते. रात्री परतून पहाटे रिक्षा घेऊन येणार होते. दुपारी मी जरा पाठ टेकली. उठले आणि न्हाणीत गेले तर पंप चालू, बुडबुडे येत होते, गोणपाट ओलं होतं, आणि कोळंबी कुशीवर पडलेल्या. काही पाय झाडत होत्या, काही तेही करत नव्हत्या.

मी एकेक कारण मनात तपासलं. गर्मी? पाणी गारच होतं. हवा? होती. साबण? नाही. मग मोरीशेजारी आमचं तांब्याचं घंगाळ दिसलं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं, रिकामं. आतून पाण्याच्या रेषेवर हिरवट निळी कड आली होती. शेजारी कॅन उपडे घातलेले, वाळत.

"वन्सं," मी हाक मारली. "कॅनमधलं पाणी घंगाळात ओतलं होतं?"

"कालच. प्लॅस्टिकात पाणी उबतं गं, वास मारत होतं. तांब्यात पाणी शुद्ध राहतं. तू निजली होतीस, म्हटलं आज मीच बदलते. सगळं घातलं, भरपूर." बोलता बोलता ती टबाजवळ आली आणि थांबली.

तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? देवाचं पाणी आपण तांब्यात ठेवतो. पहाटे उठून तांब्यातलं पाणी प्या, असं तीच इतकी वर्षं आम्हांला सांगत आली. पण खारं पाणी तांब्याला खातं, आणि ते विष कोळंबीला थोडंही सोसत नाही. मी शाळेत हे शिकले होते, त्याचा तेव्हा उपयोग एवढाच झाला की का मरतायत ते कळलं. टबात तांब्याचं पाणी, कॅन कोरडे, आणि स्वच्छ खारं पाणी घरात कुठेच नाही. आत्याआजी पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. "त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "माझ्यामुळे जायचं राहिलं म्हणेल."

पण काठीचा आवाज न्हाणीच्या दारापर्यंत आला होता. आजोबा टबाकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे.

"विहिरीचं पाणी काढ," ते म्हणाले. "आणि जाडं मीठ आण, बरणीतलं."

मी बादली भरून आणली, मीठ ढवळलं. किती घालायचं? त्यांनी डावा हात बुडवून एक बोट जिभेवर ठेवलं.

"अजून."

झटक्यापासून डॉक्टरांनी त्यांचं मीठ जवळजवळ बंद केलं होतं. रोज जेवताना ते सगळंच अळणी आहे म्हणून कुरकुरत, आणि जिभेवरही झटक्याचा परिणाम झाला असेल अशी मला कायम शंका. त्या जिभेवर मी कोळंबी सोडणार होते. मीठ कमी पडलं तरी मरणार, जास्त झालं तरी मरणार.

"अजून. थांब." त्यांनी ओंजळीनं घेऊन चूळ भरल्यासारखं केलं.

"थुंक, थुंक," आत्याआजी भिंतीपासून ओरडली. "बीपी वाढेल."

ते थुंकले. "हे मांडवीचं झालं, भर समुद्राचं. आपल्याला खाडीतलं, जेटीखालचं हवं. अर्धा तांब्या गोडं घाल."

"तांब्या नको," मी म्हटलं, आणि मगानं घातलं.

त्यांनी पुन्हा चव घेतली. तोंड वाकडं केलं नाही. आयुष्यभर दातांनी ओली दोरी ओढताना ते पाणी त्यांच्या तोंडात गेलं होतं. "हं," ते म्हणाले. "सोड."

मला दोन्ही हातांनी चाळणीत कोळंबी उचलाव्या लागत होत्या, आणि चाळणी धरायला माणूस हवा होता. आत्याआजी भिंतीपासून हलेना. आजोबांनी काठी भिंतीला लावली आणि चाळणीची कड उजव्या हातानं धरली. ती हलत होती. मी तिच्यात कोळंबी टाकत गेले. संध्याकाळपर्यंत बादलीत मूठभर सरळ पोहू लागल्या. बाकीच्या मी झाडाच्या बुंध्याशी पुरल्या. आत्याआजी त्या रात्री जेवली नाही. आजोबा तिला म्हणाले, "ताई, घंगाळ छान घासलंयस." ती रडायच्या बेतात होती, ती चिडली, आणि मग तिनं दोन घास खाल्ले.

पहाटे रिक्षा आली. डब्यात पाणी, पाण्यात कोळंबी, डबा माझ्या मांडीवर. जेटीवर आजोबा कट्ट्यावर बसले. कोळंबी गरीला लावायचं काम उजव्या हाताचं. पाठीतून, पण तिचा जीव न जाता. ड्रायव्हरकाका तेवढ्यात पलीकडच्या होडीत काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे तिकडे बघत बसले. पहिली कोळंबी बोटांतून निसटून पाण्यात गेली.

"गेली," आजोबा म्हणाले.

"जाऊ दे. काल वाचली, आज पण वाचली. नशीबवान हाय," काका न वळता म्हणाले.

दुसरी लागली. दोरी पाण्यात गेली, आणि मग बराच वेळ काही झालं नाही. ऊन चढलं. मग दोरी एकदम ताठ झाली, त्यांच्या बोटांतून सरसर पळाली, डाव्या हातानं त्यांनी ती धरेपर्यंत सैल झाली होती. ओढून बघितलं तर गरी रिकामी. ते माझ्याकडे वळले. दिवाळीनंतर त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"तांबोशीच होती," घरी आल्यावर त्यांनी सांगितलं.

"पळालेला मासा नेहमी तांबोशीच असतो," आत्याआजी म्हणाली. पण किती मोठी, हे तिनं दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशीही ते गेले. आता मला जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्या दिसतात, उन्हात त्यांना चक्कर येईल असं वाटतं, काका त्यांना धरतील की भिडेनं बाजूला राहतील हे कळत नाही. आधी ते जाणार नाहीत म्हणून माझा जीव टांगणीला होता, आता ते जातात म्हणून.

टबात अजून थोड्या कोळंबी आहेत. घंगाळ माळ्यावर गेलं. सकाळी चहाच्या आधी आजोबा स्वतः न्हाणीत जाऊन पाण्याची चव घेतात. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते. ओल्या फरशीवर काठी थांबली की माझा हात थांबतो. ती पुन्हा वाजली की मी चहा गाळते.