उपाशी गोधडी

दगडाबाईला कुणी काहीही सांगितलं तरी ती 'बरं' म्हणायची आणि मग आपल्याला हवं तेच करायची. उसाच्या फडात बावीस वर्षं तिनं मुकादमापुढं हेच केलं. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की सबंध टोळीत ऐकणारी अशी ही एकच बाई.

यंदा मात्र तिला फडात जायचं नव्हतं. गुडघे बसले की उठायला तयार नव्हते. दुष्काळाचं हे सलग दुसरं वर्ष. पाटोद्याकडून येणारा टँकर आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचा आणि गुरं चारा छावणीवर होती. अशात गावच्या वच्छलाबाईंनी बायकांची गोधडी सहकारी संस्था काढली. तिथं नमुन्याची गोधडी शिवणारी एक बाई हवी होती. तिनं शिवायची, बाकीच्यांनी तशीच उतरवायची. दगडाबाईला आठवडाभर बघायचं ठरलं. शनिवारी पुण्याच्या दुकानवाल्या बाई नमुना बघणार. पसंत पडला तर नोकरी, नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी ऊसतोडीला कर्नाटकात जाणाऱ्या ट्रकमध्ये बसायचं.

सोमवारी शिकवायला औरंगाबादहून आलेल्या अंजना मॅडमनी तिच्या हातात पेन्सिल दिली. "मनात जी नक्षी आहे ती आधी कागदावर काढा."

"बरं," दगडाबाई म्हणाली. तासाभरानं कागदावर एक वाकडा चौकोन होता.

"हे काय?"

"गोधडी."

"आणि आत?"

"आतलं कसं दिसंल मॅडम? आत जुनं लुगडं असतंय."

मंगळवारी मॅडमनी टाक्यांवर फूटपट्टी ठेवली आणि सगळा धावदोरा उसवायला लावला. बुधवारी परत शिवला, परत उसवला. संध्याकाळी दगडाबाईनं भाकरी तव्यावर आपटली. "फडात मुकादम शिव्या देतो, पर तोडल्याला ऊस परत लाव म्हनत न्हाई!"

"मंग चल की फडात," तिचा नवरा शहादेव खुशीत म्हणाला. फडात कोयता नवरा-बायकोच्या जोडीनंच चालतो. ही गेली नाही तर त्यालाही राहावं लागणार होतं, आणि गावात बसून करायचं काय, हा त्याचा सवाल होता. दगडाबाईनं पुढची भाकरी थापायला घेतली. तिला खरोखर भीती वाटायला लागली होती.

गुरुवारी मॅडमनी वही उघडली. "या नक्षीमागची कल्पना सांगा."

कल्पना कसली? घरात जी चिंधी सापडली ती लावली होती. पण मॅडम पेन सरसावून बसलेल्या. दगडाबाईनं सुरुवात केली, "ह्ये हिरवं हाय न्हवं, ती आमची भरल्याली हीर. ह्यो पिवळा पट्टा म्हंजी आटल्याली नदी." मॅडमचे डोळे चमकले. मग दगडाबाईला थांबवणार कोण! लाल ठिगळात तिनं सासऱ्याचा बैल घातला, तो मेल्याचंही सांगितलं. मॅडमनी डोळे पुसले. दगडाबाईला जरा लाज वाटली, पण मजाही आली.

शुक्रवारी शेवटची बाजू शिवायची होती. गोधडी बंद करण्याआधी तिच्या पोटात घास ठेवायचा, ही तिच्या आईची रीत. मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी फूटपट्टीच काढली असती. म्हणून त्यांची पाठ वळताच दगडाबाईनं हिरव्या तुकड्याखाली भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा सारला आणि टाका घातला.

शनिवारी दुकानवाल्या बाई गोधडी मांडीवर घेऊन बसल्या. मॅडम वहीतून वाचत होत्या, "ही भरलेली विहीर..." आणि विहिरीतून मुंग्यांची रांग निघाली. बाई किंचाळून उभ्या राहिल्या. वच्छलाबाई ओरडल्या, "दगडाबाई, काय घातलंयस ह्यात?"

दगडाबाईच्या तोंडाशी आणखी एक बैल आला होता, पण तिनं तो गिळला.

"हीर न्हाई, नदी न्हाई. हिरवं माज्या जावंचं पोलकं हाय. आत भाकर अन् गूळ हाय. उपाशी गोधडी कुनाच्या अंगावर घालू नये, म्हनून."

दुकानवाल्या बाईंनी मुंग्या झटकल्या. पुन्हा गोधडी हातात घेतली. जावेच्या पोलक्यावरून त्यांचा हात बराच वेळ फिरत राहिला. "अशा पन्नास द्या," त्या म्हणाल्या. "पण घास नको. गिऱ्हाईक पळून जाईल."

दगडाबाईच्या डोळ्यांसमोर सोमवारचा ट्रक उभा राहिला. "बरं," ती म्हणाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अंजना मॅडमनी मात्र तिच्याकडं रोखून पाहिलं. आठवडाभरात त्यांनी हे 'बरं' पुष्कळदा ऐकलं होतं.

सोमवारी ट्रक दारात येऊन गेला. शहादेवनं मुकादमाला तोंड वाकडं करून सांगितलं, "आमची बाई नोकरीला हाय." दुसऱ्यांदा सांगताना तोंड जरा सरळ झालं.

त्या आठवड्यात दुसरी गोधडी झाली. मॅडमनी ती टेबलावर पसरली आणि फूटपट्टी बाजूला ठेवून बोटांनी चाचपत गेल्या. एका कोपऱ्यात बोट थांबलं.

"दगडाबाई?"

"एकच दाना हाय मॅडम. ज्वारीचा. टनक. मुंगी कशाला येती तितं?"

 मॅडमनी फूटपट्टी उचलली, दाण्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजलं आणि वहीत लिहून घेतलं.

"पन्नासच्या पन्नास गोधड्यांत याच जागी पाहिजे. एक सूत इकडं-तिकडं चालणार नाही."

"बरं," दगडाबाई म्हणाली, आणि या वेळी तिनं खरंच ऐकलं.