रुमाल टाकलेली जागा

साखळीहून पणजीला जाणारी सकाळची बस मी डिचोलीला पकडायचे. माझ्या ऑफिसातला एक जण त्यात आधीच बसलेला असायचा आणि शेजारी रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचा. एवढंच. पण रविवारी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा मी घाबरले. मोह काही वाजतगाजत येत नाही.

आमच्या प्रार्थनेच्या मंडळीत दोघी-दोघींच्या जोड्या असतात. मन कुठे घसरतंय ते जोडीदारणीला सांगायचं, तिने त्यासाठी रोज प्रार्थना करायची, आणि तिसऱ्या कानाला कळू द्यायचं नाही. मी तिला रुमालाचं सांगितलं. तिने माझे हात धरून, डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना केली. त्यानंतर मी बसच्या पायरीवर पाय ठेवतानाच मनात प्रभूला हाक मारायचे आणि ड्रायव्हरच्या मागे उभी राहायचे, थेट पणजीपर्यंत. पाय दुखायचे, पण मन ठिकाणावर होतं.

मग एका बुधवारी आमच्याच घरी सगळे चटईवर बसलेले असताना ती मोठ्याने म्हणाली, "प्रभू, बसने पणजीला जाणाऱ्या एका बहिणीला परपुरुषाच्या मोहातून सोडव." नाव घेतलं नाही, केवढे उपकार! मंडळीत बसने पणजीला जाणारी मी एकटी. सगळे आमेन म्हणाले. माझा नवराही म्हणाला.

तो सावंतवाडीकडचा, खाणी चालू होत्या तेव्हा ट्रक चालवायचा. माणसं गेल्यावर चटई गुंडाळत म्हणाला, "उद्यापासून मी सोडतंय तुका."

तेव्हापासून रोज तो मला स्कूटरवरून थेट ऑफिसच्या दारात सोडायला लागला. त्या बाईने माझा विश्वासघात केला, दुसरा शब्द नाही. जाब विचारला तर म्हणते, "तुझ्यासाठीच मागलंय गो. नाव खंय घेतलंय तुझा?"

तिचंही एक गुपित माझ्याकडे होतं. मुलीच्या आजारपणात ती गुपचूप गावच्या देवळात कौल लावून आली होती. हे बाहेर पडलं असतं तर मंडळीत तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पुढच्या बुधवारी कुणाकुणासाठी प्रार्थना करायची असं विचारलं, तेव्हा मी तोंड उघडलं, "एका बहिणीसाठी..." समोर तिचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगते, मला बरं वाटलं. रुमालापेक्षा हा मोह गोड होता. मी बसच्या पायरीवर मारायचे तशीच मनात प्रभूला हाक मारली.

"ती बसवाली बहीण मीच," मी म्हणाले. "मी त्याच्या शेजारची जागा केव्हाच सोडली होती, उभी राहून जायचे. माझ्यासाठी प्रार्थना करा."

सगळे आमेन म्हणाले. या वेळी नवरा म्हणाला नाही.

घरी परतल्यावर स्कूटर लावून तो म्हणाला, "बसचा काय नाय गो. पण तिका सांगलंस. माका सांगूक नाय."

जाब विचारायची पाळी आता त्याची होती, आणि मला तर तिच्यासारखं "नाव कुठे घेतलं" असंही म्हणता येईना.