फुलीचा बटाटा

माझा काका सुतार. स्वयंपाकघरातही त्याचा हात सुताराचाच. ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा मधोमध कापून तो असा कोरायचा, जणू फळीला रंधा मारतोय. साल कुठे पातळ झाली की त्याचं डोकं फिरायचं. काढलेल्या गरात लोणी, पनीर, मिरपूड आणि परतलेला कांदा घालून तो पुन्हा सालीत भरायचा आणि वरून खरपूस भाजायचा.

घरात दोघंच. काकूची किडनी बिघडली आणि तिला मीठ बंद झालं. "माझ्यापायी तुम्ही अळणी गिळायचं नाही," असं तिने बजावलं. म्हणून काका तिच्या बिनमिठाच्या बटाट्याच्या सालीवर सुरीने फुली मारायचा. नऊ वर्षं हे चाललं.

काकू जाऊन महिना झाला, तेव्हा मी त्याच्याकडे जेवायला गेले. ताटात दोन बटाटे होते, एकावर सवयीने मारलेली फुली. मी दुसरा उचलला आणि माझं तोंड वाकडं झालं.

"काका, मीठ विसरलास की!"

"विसरलो नाही. नऊ वर्षं कशातच घातलं नाही. ती अळणी खाणार आणि मी चवीने जेवणार? घास उतरला असता होय? फुली आपली तिच्या समाधानापुरती."

मला रागच आला. "मग आता तरी घाल की!" मी मीठदाणी त्याच्यापुढे आदळली.

त्याने माझ्या बटाट्यावर चिमूटभर मीठ भुरभुरलं आणि एक घास खाल्ला.

"खारट लागतंय गं," म्हणत त्याने फुलीचा बटाटा जवळ ओढला.