लोरीनाचं उलटं फिडल

लोरीना क्वेझनबेरीने एकतीस वर्षं आमच्या गावच्या शाळेची बस चालवली आणि त्याहून जास्त वर्षं माझ्या दुकानात फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवलं. माझं दुकान खिळ्यांचं नि बियाण्यांचं. शुक्रवारी संध्याकाळी पशुखाद्याची पोती भिंतीशी सरकवायची, खुर्च्या गोल मांडायच्या, की डोंगरातून बँजो, गिटार घेऊन माणसं उतरायची. कागदावरचं संगीत कुणालाच वाचता येत नाही. चाली बापाकडून लेकीकडे कानानेच जातात. लोरीनाच्या बापाने स्वतः बांधलेली एक चाल होती, ती त्याने फक्त तिला दिली होती.

ती डेल्मर एकर्सने चोरली. निदान लोरीनाचं तसं म्हणणं होतं. डेल्मर पलीकडच्या खोऱ्यातला सुतार, वाजवायचा छान. एका वर्षी जत्रेतल्या स्पर्धेत त्याने नेमकी तीच चाल वाजवली आणि पहिला आला. पुढची अकरा वर्षं दोघं एकाच गोलात बसत, पण ती त्याच्याशी बोलत नसे. मला सांगायची, "बेउला, त्या माणसाला सांग, तार उतरलीय त्याची."

मग एका जूनमध्ये गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात तिचा डावा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जखम भरली, पण उरलेल्या बोटांनी तारांवरचे सूर गाठता येईनात. तिने फिडलची पेटी पलंगाखाली सारली आणि शुक्रवारी यायचं सोडलं.

सप्टेंबरात डेल्मर माझ्याकडे आला. "बेउला, चल माझ्याबरोबर. एकटा गेलो तर दारातून हाकलेल ती."

"मी असले तरी हाकलेल," मी म्हटलं. पण गेले.

लोरीना ओसरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. डेल्मर पायरीवर बसला, फिडल काढलं, तारांवर गज टेकवला आणि तीच चाल वाजवू लागला. मध्यावर अडखळला. पुन्हा वाजवली, पुन्हा तिथेच अडखळला.

लोरीनाने शेंगा खाली ठेवल्या. "अकरा वर्षं चोरीचा माल सांभाळलास, तोही फुटका?"

"मग नीट करून दे की. तुमच्या कुंपणाआड उभा राहून ऐकलेली. निम्मी वाऱ्यावरच गेली. जत्रेत मधला भाग मनाने जोडून वाजवलेला."

"कुंपणाआड कशाला? आत यायचंस."

"सतरा वर्षांचा होतो. तुझ्या बापाला सगळं खोरं घाबरायचं, मी कोण लागून गेलो?"

लोरीनाला हसू आलं. तिने अडलेला भाग गुणगुणून दाखवला. त्याला जमेना. "अरे, गज ओढ तिथे! माश्या काय हाकलतोस?" म्हणत तिने त्याच्या हातातला गज हिसकावला आणि हवेत ओढून दाखवला. डाव्या हाताने.

डेल्मर बघतच राहिला. "गज धरतोय की हा हात."

"आणि तारा कोण दाबणार? तुझी आजी?"

"तुझा उजवा."

त्याच आठवड्यात डेल्मरने तिच्या फिडलची घोडी, तारा टेकतात ती लाकडी पट्टी, उलटी बसवली, तारांच्या जागा बदलल्या. साठाव्या वर्षी लोरीनाला पहिल्या सुरापासून शिकावं लागलं. सुरुवातीला असा आवाज निघे, की तिचा कुत्रा गोठ्यात जाऊन बसे. दोनदा तिने फिडल पेटीत बंद करून टाकलं. एकदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. डेल्मर मात्र दर मंगळवारी हजर. "हाताला आठवत नाही, पण डोक्याला सगळं येतंय," तो म्हणायचा. "हाताला जरा वेळ दे."

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी ती दुकानात आली, गोलात बसली आणि एक साधी, संथ चाल धरली. दोन जागा चुकल्या. कुणी मान वर केली नाही, आम्ही फक्त आपापल्या वाद्यांचा आवाज जरा कमी केला. तिसऱ्या फेरीला म्हातारी पर्ल टकर उठली आणि लाकडी जमिनीवर बुटांचा ठेका धरला. मग तिच्या मागून चार-पाचजण नाचायला उठले. लोरीनाने डोळे मिटून वाजवणं चालूच ठेवलं, ती मंडळी दमून बसेपर्यंत.

आता ती एकही शुक्रवार चुकवत नाही. पुढच्या महिन्यात वेगातली चाल धरणार, म्हणते. डेल्मर म्हणतो, अजून घाई करू नकोस. ती त्याचं ऐकायला तयार नाही.